‘बाळाला पण घेऊन या’ म्हणणाऱ्या सोलापूरच्या दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
नवी पेठ, चाटी गल्ली, टिळक चौक, मंगळवार पेठ आणि जुळे सोलापुरातले कापड-दुकानदार, लहान मुलांच्या सामानाच्या शोरूमचे मालक, आणि त्यांचं इन्स्टाग्राम सांभाळणारी मुलं-मुली यांना,

स. न. वि. वि.

मे उजाडला की सोलापुरातल्या आयांच्या फोनवर तुमचे मेसेज यायला लागतात. युनिफॉर्म, दप्तरं, बूट, वाढदिवसाचे फ्रॉक, लग्नसराईतले छोटे लेहेंगे. मेसेजचा साचा ठरलेला. ‘नमस्कार मॅडम, तुमचं पेज बघतो, छान असतं. आमच्या नवीन स्टॉकची एक रील करता का? दोन ड्रेस देऊ. बाळाला पण घेऊन या.’

त्यातल्या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र.

मी जुळे सोलापुरात राहते. कधीकाळी ब्लॉग लिहायचे, आता इन्स्टाग्रामवर एक बऱ्यापैकी चाललेलं पेज आहे. शेंगाचटणी, शाळेचा डबा, मुलीचा अभ्यास घ्यायचा राहून गेलेली संध्याकाळ, असं काहीबाही टाकते. तुमच्यातल्या काहींसाठी पैसे घेऊन रील्स केल्यात, पुढेही करीन. तेव्हा मोबाइल वाईट, रील्स वाईट, आमच्या वेळी असं नव्हतं, हे ऐकवायला मी बसलेली नाही. आणि इन्स्टाग्रामवाल्यांना लिहायचं सोडून तुम्हाला का, तर त्यांचं ऑफिस कॅलिफोर्नियात. सोलापूर कुठं आहे हे त्यांना शोधावं लागेल. तुम्हाला माझी मुलगी ओळखते. आपली भेट गड्ड्याच्या जत्रेत होते, लग्नात होते, सिद्धेश्वरच्या देवळात होते. बोलून काही बदलायचं असेल तर ते तुमच्याशीच बोलून बदलेल.

आधी हे सगळं कसं होतं ते थोडं सांगते, कारण तुमचं पेज सांभाळणारी पोरं तेव्हा प्राथमिक शाळेत असतील.

ब्लॉगस्पॉटवर फुकट जागा मिळायची. बरहा नावाच्या सॉफ्टवेअरवर देवनागरी टाइप करायचं आणि तिकडं चिकटवायचं. नेट इतकं हळू की एक फोटो चढेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, म्हणून फोटो टाकायच्या भानगडीत फारसं कुणी पडायचं नाही. बायका टोपणनावानं लिहायच्या. पोरांनाही नावं नव्हती, ‘पिल्लू’, ‘चिमणी’, ‘आमचे साहेब’ एवढ्यावर भागायचं. आणि लिहायच्या काय? दुखणारे टाके. दूध उतरत नाही म्हणून रात्री दोनला आलेलं रडू. डिंकाच्या लाडवांचा आलेला वीट. बाळ झाल्यावर सगळे बाळाला बघायला येतात, आपल्याला कुणी विचारत नाही, हे. माहेरी सांगितलं तर आई घाबरेल आणि सासरी सांगितलं तर वेगळाच अर्थ निघेल, अशा गोष्टी. मायबोलीसारखी मराठी संकेतस्थळं 1996 पासून होतीच, तिथं परदेशातल्या मराठी बायका भेटायच्या. सांगलीची एक, नाशिकची एक, शिकागोची एक, अशा आम्ही एकमेकींचं वाचायचो. एखादी चार दिवस दिसली नाही तर ‘बरी आहेस ना गं?’ म्हणून विचारणं व्हायचं.

तिकडं अमेरिकेत याचा धंदा आधीच झाला होता. हेदर आर्मस्ट्राँग नावाच्या बाईनं 2001 साली ‘डूस’ नावाचा ब्लॉग काढला. त्यावर ऑफिसबद्दल लिहिलं म्हणून नोकरी गेली. पुढं मूल झाल्यावर बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल तिनं इतकं उघड लिहिलं की वाचणाऱ्यांची रीघ लागली, मागोमाग जाहिराती आल्या आणि घर त्यावर चालू लागलं. 2023 मध्ये ती गेली. पण त्या जाहिराती पानाच्या कडेला असायच्या. मधला मजकूर तिचा होता.

मग एकेक गोष्ट सरकत गेली. वेगवेगळे ब्लॉग एका जागी वाचायची सोय देणारं गुगल रीडर 2013 मध्ये बंद पडलं आणि वाचणाऱ्या फेसबुकवर पांगल्या. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, नेट पाण्यासारखं झालं (आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, नेट रोज येतं), आणि वाचण्यापेक्षा बघणं सोपं झालं. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स सुरू केले, तेही जगात आधी भारतात. लॉकडाऊनमध्ये सगळ्या घरात आणि सगळ्यांच्या हातात फोन. 2021 मध्ये आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडं फार कुणाचं लक्ष गेलं नाही. आयांनी लिहिलेलं छापणारं मॉम्सप्रेसो हे संकेतस्थळ ममाअर्थच्या होनासा कंपनीनं घेतलं, आणि आयांचं दुसरं मोठं ठिकाण असलेलं बेबीचक्र मायग्लॅमच्या गुड ग्लॅम समूहानं. बाळाचा शाम्पू आणि मेकअप विकणाऱ्यांनी आयांच्या गप्पांचा कट्टाच विकत घेतला. त्यात बेकायदा काही नाही. पण दुकान कुणाचं आणि गप्पा कुणाच्या हे तिथून पुढं वेगळं काढता येईना. आता तर ‘सहा महिन्यांच्या बाळाला पहिलं काय भरवायचं’ असं गुगलला विचारलं की उत्तर वरच तयार मिळतं. ज्या आईनं ते लिहून ठेवलं तिच्या पानापर्यंत कुणी पोचतच नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ब्लॉग हा आमच्यासारख्या शिकलेल्या, घरी कॉम्प्युटर असलेल्या, मराठी नीट लिहिता येणाऱ्या बायकांचा खेळ होता. साखर पेठेतल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या अक्कानं कशाला ब्लॉग लिहिला असता? विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बाईला कुणी विचारलं असतं? आज त्या बोलतात, तेलुगू-मराठी-कन्नडची मस्त खिचडी करून बोलतात, आणि हजारो जणी ऐकतात. कडक भाकऱ्या थापताना काढलेल्या व्हिडिओवर पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. हे ब्लॉगनं कधीच केलं नसतं. म्हणून रील्सचा मला राग नाही. राग आहे तो त्या रील्समधून पैसा कुणाला मिळतो आणि त्यापायी कुणाला उभं केलं जातं, याचा.

पैशाचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तरी सांगते. यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. हे जमणाऱ्या थोड्या. इन्स्टाग्राम आपल्याकडच्या छोट्या पेजला हातावर काही ठेवत नाही. तेव्हा सोलापुरातल्या आईला या कामाचे पैसे देऊ शकणारं एकच माणूस उरतं, ते म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही देता ड्रेस. त्याला नाव दिलंय ‘बार्टर कोलॅब’. सहाशे रुपये छापील किमतीचा फ्रॉक, तुम्हाला पडलेला त्याच्या निम्म्यात, त्यासाठी आईचा अर्धा दिवस, तिचा फोन, तिचं एडिटिंग, तिनं वर्षानुवर्षं जमवलेली माणसं, आणि तिचं मूल. किराणावाला फ्रॉक घेऊन साखर देत नाही ओ.

आपलं गाव घरी बसून केलेल्या कामाला नवीन नाही. पिढ्यान् पिढ्या इथल्या बायकांनी घरी विड्या वळल्या. पान घरी आणायचं, कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि हजाराच्या हिशेबानं मजुरी घ्यायची. त्यातल्याही ‘खराब’ म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे कापले जायचे. मालक लोक म्हणायचे, त्या आमच्या कामगार कुठल्या, त्या तर आपापल्या घरी बसतात. 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा आला आणि घरात बसून वळणारीही कामगारच, असं त्यात लिहिलं गेलं. विडी कारखानदार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1974 मध्ये कोर्टानं कायदा उचलून धरला. ओळखपत्र, फंड, दवाखाना, घरकुल हे सगळं त्या एका मान्यतेतून आणि त्यानंतरच्या मोर्च्यांतून आलं.

आणि त्या घरांत आणखी एक गोष्ट व्हायची, ती इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आई वळायची, शेजारी बसलेली पोरगी दोरा बांधायची. कुणी जबरदस्ती करत नव्हतं. आईचा हजार लवकर भरावा म्हणून तिचे हात आपोआप लागायचे. 1986 च्या बालकामगार कायद्यानं विडीकाम मुलांना बंद केलं, पण त्यातही घरच्यांच्या मदतीनं चाललेल्या कामाला सूट होती आणि विडी नेमकी घरातच वळली जात होती. म्हणजे बंदी कारखान्याला लागली आणि पोरं होती घरात. ज्या गावानं हे बघितलंय त्या गावाला रील्सचं वेगळं समजावून सांगावं लागू नये. काम घरात आलं, दर तुटपुंजा ठेवला, आणि मूल सोबत असलं की माल जास्त खपतो हे आईला कळलं, की मूल त्यात ओढलं जातं. आई वाईट असावी लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका कपड्याच्या दुकानात माझं स्वतःचं शूटिंग होतं. माझा नंबर यायचा होता म्हणून बाकावर बसले होते. बाहेर पारा त्रेचाळीसला. आत एसी, पण वरच्या मजल्यावर आरशासमोर जो ‘शूटिंग कॉर्नर’ केलाय तिथं दोन रिंग लाइट आणि हवा नाही. चारेक वर्षांची मुलगी, टिकल्या-टिकल्यांचा लेहेंगा, आतली नेट टोचून मानेवर लाल वळ उठलेला. तिची आई कपड्यांच्या स्टँडमागं गुडघ्यावर बसून फोनवर कार्टून धरून होती, पोरीनं वर बघावं म्हणून. दुकानातला पोरगा कॅमेऱ्यामागून म्हणतोय, ‘ताई, गिरकी चांगली झाली, पण हसली नाही ओ ती. परत घेऊ की.’ परत. पुन्हा परत. दरवेळी मुलगी विचारायची, ‘झालं का?’ आई म्हणायची, ‘झालं, झालं, आता शेवटचं.’ मग पोरीनं लेहेंगा दोन्ही हातांनी वर धरला आणि खालीच बसली. तेव्हा आईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुतेक पार्क चौपाटीवरच्या खाऊचं आमिष, आणि मुलगी उठून खोटं खोटं हसली. तेवढंच नेमकं घेतलं. रील वीस सेकंदांची होती. खाली कमेंटा, ‘सो क्यूट’, ‘बार्बी डॉल’.

त्या आईला मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते मालकांशी, आणि ते गल्ल्यावर बसून हिशेब करत होते.

दुसरी गोष्ट माझ्या मैत्रिणीची. तिच्या मुलानं, तेव्हा तो चौथीत, एका दुकानासाठी बनियनची रील केली. दोन महिन्यांनी त्याच व्हिडिओतला त्याचा फोटो फ्लेक्सवर चौकात टांगलेला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. रील म्हणजे रील, फ्लेक्स कुठून आला, असं विचारायला गेली तर उत्तर मिळालं, ‘अहो वहिनी, पोरगं फेमस झालं की!’ शाळेत त्याला अजून बनियन म्हणून हाक मारतात. त्यानं शाळेच्या स्नेहसंमेलनात भाग घ्यायचं बंद केलं. फ्लेक्स पावसात फाटला, टोपणनाव राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, कायद्यात कुठं लिहिलंय? लिहिलंय की. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे, पण 2016 च्या दुरुस्तीनं दोन सवलती ठेवल्यात. शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत, आणि कलाकार म्हणून काम. कलाकाराच्या सवलतीत ‘जाहिरात’ हा शब्द स्पष्ट आहे. आणि त्या सवलतीला नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांवर काम नाही, सलग तीन तासांवर विश्रांतीशिवाय नाही, मुलाच्या मनाविरुद्ध तर नाहीच, आणि त्याच्या कमाईतला निदान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत. सात रस्त्याला एखाद्या मालिकेचं शूटिंग लागलं तर निर्मात्याला हे कागद करावे लागतात. तुमच्या दुकानातल्या जाहिरातीला का नकोत? ‘आई स्वतःच करते’ हे उत्तर तुम्ही द्याल, म्हणजे घरच्यांना मदत या खान्यात ढकलाल. पण माल तुमचा, स्क्रिप्ट तुमचं, ‘परत घेऊ की’ म्हणणारा पोरगा तुमचा. त्यात घरचं काय राहिलं? राष्ट्रीय बालहक्क आयोगानं 2022 मध्ये मुलांच्या मनोरंजन क्षेत्रातल्या सहभागाबद्दल जो मसुदा काढला त्यातही सोशल मीडिया धरलेला आहे. बाहेरचं बघायचं तर फ्रान्सनं 2020 मध्येच सोळा वर्षांखालच्या ‘इन्फ्लुएन्सर’ मुलांची कमाई त्यांच्या नावानं राखून ठेवायचा कायदा केला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1 जुलै 2024 पासून, ज्या व्हिडिओंत मूल दिसतं त्यांच्या उत्पन्नातला वाटा आईबापांनी मुलासाठी बाजूला टाकायचा असतो. टाकला नाही तर मोठं झाल्यावर मूल कोर्टात जाऊ शकतं.

बाळाच्या सामानाची दुकानं चालवणाऱ्यांसाठी एक वेगळं, आणि हे जरा गंभीरपणे घ्या. दुधाची बाटली, डब्याचं दूध, दोन वर्षांखालच्या बाळाचं तयार अन्न यांची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. 2003 च्या दुरुस्तीनं ती आणखी कडक झाली. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आईला फुकट नमुना देऊन ‘जरा दाखवा की बाटली’ म्हणणं हेही त्यातच येतं. हा कायदा जिच्यासाठी झाला ती हीच, नुकती बाळंत झालेली, दूध पुरत नाही म्हणून घाबरलेली बाई. ब्लॉगवर आम्ही रात्री दोनला ज्या रडण्याबद्दल लिहायचो, त्याच रडण्यावर आज बाटली विकली जाते.

फुकट मिळालेल्या मालाबद्दल सांगायचं बंधनही आहेच. जाहिरात मानक परिषदेनं 2021 पासून आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी 2023 पासून सांगितलंय, की पैसे मिळोत नाहीतर वस्तू, बघणाऱ्याला ठळक कळलं पाहिजे की ही जाहिरात आहे. तुम्ही काय सांगता? ‘कोलॅब लिहू नका मॅडम, ओरिजिनल वाटत नाही.’ ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि ‘गिफ्ट आहे हो, त्याचा काय हिशेब’ म्हणणाऱ्यांनी आपल्या सीएला विचारावं. 1 जुलै 2022 पासून, धंद्यापोटी एकाच व्यक्तीला वर्षाला 20,000 रुपयांवर किमतीच्या वस्तू दिल्या तर 10 टक्के टीडीएस लागतो. इन्फ्लुएन्सरनं वस्तू ठेवून घेतली तर ती मिळकत, परत केली तर नाही, इतकं स्पष्ट त्यात सांगितलंय. एक कोटीच्या आत उलाढाल असलेल्या वैयक्तिक दुकानदाराला यातून सूट आहे, पण मोठ्या शोरूमवाल्यांना नाही. सरकारला ती मिळकत दिसते, तुम्हाला मात्र ते गिफ्ट वाटतं.

युनिफॉर्मवाल्यांचं आणखी निराळं. सोलापूरचे युनिफॉर्म देशभर जातात, त्याचा मला अभिमान आहे. पण तुमच्या रीलमध्ये मुलाचा चेहरा, खिशावर शाळेचं बोधचिन्ह, आणि खाली ‘आमचा पत्ता’. वर आई कौतुकानं लिहिते, ‘आमची परी आता दुसरीत’. म्हणजे अनोळखी माणसाला चेहरा मिळाला, शाळा मिळाली, इयत्ता मिळाली, भाग मिळाला. शाळा सुटायची वेळ गेटवर लिहिलेलीच असते. मुलं दिसणाऱ्या बहुतेक व्हिडिओंखालच्या कमेंट्स यूट्यूबनं 2019 मध्ये बंद केल्या, त्या उगाच केल्या का? तिथं काय काय लिहिलं जात होतं ते इथं लिहवत नाही.

‘बाळ असलं की व्ह्यूज येतात’ हा तुमचा मुद्दा खरा आहे. मी खोटं कशाला बोलू, माझ्याही पेजवर ज्या जुन्या व्हिडिओत मुलगी आहे तेच सगळ्यात जास्त चाललेत. पण बघणाऱ्यांतले किती दुकानात आले, ते एकदा मोजा. ‘सो क्यूट’ लिहिणारी नागपूरची असते, ती काही चाटी गल्लीत फ्रॉक घ्यायला येत नाही. उलट कापड उलटं करून शिलाई दाखवलेली, धुतल्यावर रंग गेला का ते दाखवलेली, कुठल्या वयाला कुठला साइज घ्यावा ते सांगितलेली रील कमी जण बघतात, पण फोन नंबर विचारतात. चादरीची रील करताना आम्ही कुणाच्या बाळाला तिच्यात गुंडाळत नाही, तरी चादर खपते. फ्रॉक हँगरवर दाखवा, टेबलावर पसरून दाखवा, माझ्या हातात दाखवा. आवाज मी देते, घोळ किती आणि अस्तर कशाचं ते मी सांगते.

सोलापुरातल्या बऱ्याच आयांनी आपल्यापरीनं हे सुरूही केलंय, तुमच्या लक्षात आलं नसेल. कुणी मुलं पाठमोरी दाखवते. कुणी फक्त हात, डबा आणि आवाज. कुणी जुने व्हिडिओ एकेक करून खासगी करत बसलीय. आणि मनातलं बोलायचं ते सगळं पुन्हा बंद दारामागं गेलंय, वीस-तीस जणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये, जिथं कुणाचं नाव बाहेर जात नाही आणि जिथं परवा एकीनं रात्री लिहिलं, ‘मला बाळाजवळ एकटीला बसायची भीती वाटतेय.’ सकाळपर्यंत दोघी तिच्या घरी होत्या, एक तिला डॉक्टरांकडं घेऊन गेली. असलं काही रीलवर कुणी टाकणार नाही. तिथं सगळ्यांचं छान चाललेलं असतं.

तुमच्याकडून मला काय हवं ते सरळ सांगते. रीलचे पैसे द्या, आधी ठरवून, व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून, निम्मे आधी. ड्रेस द्यायचा तर वर द्या, पैशाऐवजी नको. कमी फॉलोअरवाल्या नवीन मुलीला ‘तुम्हाला एक्स्पोजर मिळेल’ म्हणू नका, एक्स्पोजरनं रिक्षाचं भाडं सुटत नाही. जाहिरात आहे हे लिहू द्या. मुलाला घेऊन या असं म्हणू नका, आणि आई स्वतःहून घेऊन आली तरी कॅमेरा तिच्यावरच ठेवा. मुलाला दाखवल्याशिवाय चालणारच नाही असा तुमचा धंदा असेल, तर वर सांगितलेले सगळे कागद करा, त्याच्या नावानं बँकेत पैसे टाका, शाळेचं नाव झाका, आणि ‘नको’ म्हणायचा हक्क त्या मुलाला आहे असं तुमच्या कॅमेऱ्यामागच्या पोराला शिकवा. रीलमधला फोटो फ्लेक्सवर, बिलाच्या मागं, पिशवीवर छापू नका.

आणि जुनं जे आहे त्याचं बघा. तुमच्या पेजवर दोन-तीन-चार वर्षांपूर्वीची मुलं अजून हसतायत, ती आता मोठी झालीत, त्यांना कुणी विचारलेलं नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते आणि दिलेली संमती मागंही घेता येते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, बरीच कलमं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. तोवर थांबायची गरज नाही. एखादी आई ‘तेवढं काढा’ म्हणाली तर त्याच दिवशी काढा, ‘मार्केटिंगवाल्याला विचारून सांगतो’ नको. कुणी मुलाचा व्हिडिओ उचलून भलत्या ठिकाणी वापरला तर cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते, तो पत्ता दुकानातही लावून ठेवा.

माझ्या मैत्रिणीच्या मुलाची ती बनियनची रील तुमच्यापैकी एकाच्या पेजवर आजही आहे. कुणाची ते तुम्हाला माहीत आहे. शाळा पंधरा जूनच्या सुमारास उघडतात, त्याच्या आत तेवढी काढून टाका.

आपली,
जुळे सोलापुरातली एक आई आणि तुमची नेहमीची गिऱ्हाईक